प्रवेश मिळाल्यावर पुढे

१८९९ च्या जून अखेरीस हेलन केलर रॅडक्लिफ कॉलेजच्या प्रवेश परीक्षेला बसल्या. नुकतीच एकोणीस वर्षं पूर्ण झाली होती. दिसत नाही, ऐकू येत नाही, आणि ज्यांच्या बोटांवाटे त्यांना जग कळायचं त्या शिक्षिका अ‍ॅन सलिव्हन यांना परीक्षेच्या खोलीत यायला मनाई. प्रश्नपत्रिका ब्रेलमध्ये उतरवून देण्यासाठी पर्किन्स अंधशाळेतले एक शिक्षक नेमले होते. भाषांचे पेपर सुरळीत गेले. अडलं ते बीजगणितात. त्या काळात इंग्रजी ब्रेलच्या एकाहून अधिक पद्धती चालत. हेलन यांनी बीजगणिताचा सगळा सराव इंग्लंडच्या पद्धतीत केला होता आणि पेपर येणार होता अमेरिकन खुणांमध्ये. हे त्यांना समजलं परीक्षेला दोन दिवस उरले असताना. कंसाची खूण कोणती, वर्गमूळाची कोणती, हे आदल्या रात्री घोकत बसावं लागलं. त्या उत्तीर्ण झाल्या. पण त्या पेपरात त्यांच्या बीजगणिताची जेवढी परीक्षा झाली, तेवढीच परीक्षा घेणाऱ्यांची बेफिकिरी सोसण्याच्या ताकदीचीही झाली.

१९०० मध्ये त्या कॉलेजात गेल्या आणि १९०४ मध्ये विशेष गुणवत्तेसह पदवीधर झाल्या. ही गोष्ट आपल्याकडे शाळेच्या पुस्तकांपासून भाषणांपर्यंत जिद्दीचं उदाहरण म्हणून सांगितली जाते, आणि जिद्द होतीच. पण त्या पदवीमागचा हिशेब सहसा सांगितला जात नाही. सलिव्हन चार वर्षं वर्गात शेजारी बसून प्रत्येक व्याख्यान अक्षर-अक्षर करून हेलन यांच्या तळहातावर उतरवत होत्या. जी पुस्तकं ब्रेलमध्ये नव्हती, आणि बहुतेक नव्हतीच, ती स्वतःच्या आधीच अधू झालेल्या डोळ्यांनी वाचून हातावर लिहीत होत्या. शिक्षणाचा खर्च स्टँडर्ड ऑइलचे हेन्री रॉजर्स उचलत होते. म्हणजे एका पदवीसाठी असामान्य बुद्धीची विद्यार्थिनी, स्वतःचं आयुष्य वाहून टाकणारी शिक्षिका आणि धनाढ्य आश्रयदाता असे तिघे एकत्र यावे लागले. असा योग शतकात एखाद्याच्याच वाट्याला येतो.

बाकीच्यांचं काय? हुशार आहे पण अलौकिक नाही, घरची परिस्थिती बेताची आहे, शेजारी कोणी सलिव्हन नाही, अशा मुलाने किंवा मुलीने कॉलेजात कसं शिकायचं? गेल्या सव्वाशे वर्षांत जगातल्या विद्यापीठांनी या बाबतीत काय केलं हे पाहताना मला एकच कसोटी उपयोगाची वाटते: सलिव्हन यांनी एकटीने केलेलं काम संस्थेने अंगावर घेतलं की नाही?

सर्वांत आधी ते अंगावर घेतलेल्या ठिकाणांपैकी एक म्हणजे जर्मनीतलं मारबुर्ग. पहिलं महायुद्ध चालू होतं. विषारी वायू, तोफगोळ्यांचे तुकडे यांनी डोळे गमावलेले तरुण सैनिक इस्पितळांत पडून होते आणि त्यांच्यातले कितीतरी विद्यापीठातून उठून थेट आघाडीवर गेलेले होते. मारबुर्गच्या विद्यापीठातले नेत्रतज्ज्ञ आल्फ्रेड बिल्शोव्स्की यांनी त्यांच्यासाठी वर्ग सुरू केले. स्वतः अंध असलेले कार्ल श्ट्रेल त्यांना शिकवायला आले. १९१६ मध्ये तिथे अंधांसाठी उच्च शिक्षणाचं ग्रंथालय, अभ्यासकेंद्र आणि सल्लाकेंद्र मिळून एक संस्था उभी राहिली. कायदा, इतिहास, गणित अशा विषयांचे ग्रंथ मागणीप्रमाणे ब्रेलमध्ये उतरवून देणं हे तिचं मुख्य काम. ती संस्था आजही चालू आहे आणि तिच्या शंभराहून अधिक वर्षांच्या वावराने ते गावच बदलून गेलं. बोलणारे सिग्नल, थांब्यांची नावं सांगणाऱ्या बस आणि बोटांनी वाचता येणारे नकाशे तिथे रोजच्या व्यवहारात आहेत. बिल्शोव्स्की यांना मात्र ज्यू वंशाचे म्हणून नाझी राजवटीत जर्मनी सोडावा लागला. सैनिकांचे डोळे गेले तेव्हा त्यांच्यासाठी धावून आलेल्या माणसाला त्याच देशाने हाकलून दिलं, ही खंत मारबुर्गचा इतिहास वाचताना मनातून जात नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर तोच प्रश्न अमेरिकेत उभा राहिला. मणक्याला इजा होऊन पायातलं बळ गेलेले सैनिक परतले होते. सरकार माजी सैनिकांच्या कॉलेजची फी भरायला तयार होतं, पण पायऱ्या चढणार कोण? १९४८ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या गेल्सबर्ग इथल्या केंद्रात टिमथी न्यूजंट यांनी व्हीलचेअर वापरणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम सुरू केला. वर्षभरात ते केंद्रच बंद करायचं ठरलं. विद्यार्थ्यांनी निदर्शनं केली, आणि मोठ्या खटपटीनंतर अर्बाना-शँपेनच्या मुख्य आवारात त्यांना प्रयोग म्हणून जागा मिळाली. त्या प्रयोगातून व्हीलचेअरसकट चढता येणाऱ्या बस आल्या आणि इमारतींना उतार आले. त्याच आवारात केलेल्या मोजमापांवरून १९६१ मध्ये अमेरिकेतलं सुगम बांधकामाचं पहिलं राष्ट्रीय मानक तयार झालं. एक फूट उंची चढायची असेल तर उताराची लांबी किमान बारा फूट हवी, हा नियम त्यात आहे. भारताच्या आजच्या बांधकाम मार्गदर्शिकेतही एकास बारा हेच प्रमाण आहे. तुमच्या जवळच्या कॉलेजच्या दारातला रॅम्प या प्रमाणात बसतो का, हे एकदा टेपने मोजून पाहा. आपल्याकडचे बरेच रॅम्प इतके उभे असतात की मागून दोघांनी धरल्याशिवाय त्यावर व्हीलचेअर चढवणं जिवावर बेततं. तपासणीच्या वेळी रॅम्प आहे एवढी नोंद होते आणि तो निरुपयोगी आहे हे कागदावर कुठेच येत नाही.

न्यूजंट यांच्या कामाला एक मर्यादा होती. विद्यार्थ्याने आपली खुर्ची आपण ढकलावी, मदतनीस ठेवू नये, हा त्यांचा आग्रह. ज्यांचे हात चालत होते त्यांना यातून आत्मविश्वास मिळाला. ज्यांचे हातही चालत नव्हते त्यांच्यासाठी ते दार बंदच राहिलं.

ते दार उघडलं कॅलिफोर्नियात. एड रॉबर्ट्स यांना चौदाव्या वर्षी पोलिओ झाला. मानेखालचं शरीर लुळं पडलं, हाताची दोन बोटं तेवढी हलत. झोपताना लोखंडी फुप्फुसात शिरावं लागे. शेकडो किलो वजनाच्या त्या पिंपात माणूस गळ्यापर्यंत आत असतो आणि हवेचा दाब कमी-जास्त करून त्याच्या छातीला श्वास दिला जातो. माध्यमिक शाळेने त्यांचं प्रमाणपत्र अडवून धरलं, कारण शारीरिक शिक्षण आणि मोटार चालवणं या विषयांची पूर्तता झाली नव्हती. आई झोना रॉबर्ट्स शाळा मंडळाशी भांडल्या तेव्हा ते मिळालं. पुढे राज्याच्या पुनर्वसन खात्याने शिक्षणाचा खर्च नाकारला. हा मुलगा कधी नोकरी करू शकणार नाही, मग त्याच्यावर पैसे का घालायचे, असा खात्याचा विचार. वर्तमानपत्रांत बोभाटा झाल्यावर खातं नमलं.

१९६२ मध्ये रॉबर्ट्स बर्कलीच्या विद्यापीठात दाखल झाले. वसतिगृहाच्या कोणत्याही खोलीत लोखंडी फुप्फुस मावत नव्हतं. विद्यापीठाच्या आरोग्यसेवेचे प्रमुख डॉक्टर हेन्री ब्रुइन यांनी आवारातल्या कॉवेल इस्पितळातली जागा त्यांना राहायला दिली. वर्षभरात जॉन हेस्लर नावाचा दुसरा विद्यार्थी आला, मग आणखी आले. साठच्या दशकाच्या शेवटी तिथे दहा-बारा जणांचा गट राहत होता. आजूबाजूला बर्कलीतली नागरी हक्कांची, युद्धविरोधी आंदोलनं चालू होती. ही मुलं रात्ररात्र बोलत बसत, आणि बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला कोणी रोगी समजून इस्पितळात ठेवावं असं काही आपल्याला झालेलं नाही. आपल्याला हवा आहे सकाळी उठवून कपडे घालायला एक माणूस, चालती खुर्ची आणि शहरात राहायला जागा. एवढं मिळालं की बाकीचं आपण पाहून घेऊ.

१९७० मध्ये सरकारी अनुदानातून त्यांनी विद्यापीठातच शारीरिक दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी सेवा-कार्यक्रम सुरू केला आणि हेस्लर त्याचे संचालक झाले. या कार्यक्रमाची कामं पाहिली तर ती अगदी साधी वाटतात. पगारी मदतनिसांची यादी ठेवायची. राहण्याजोग्या घरांचा शोध घ्यायचा. सरकारी कचेऱ्यांत अडलेले अर्ज पुढे सरकवायचे. आणि व्हीलचेअर दुरुस्त करून द्यायच्या. हे शेवटचं काम बाहेरच्या कोणा तज्ज्ञाला सुचलं नसतं. बॅटरीवर चालणारी खुर्ची बंद पडली की विद्यार्थ्याचे तास बुडतात, परीक्षा हुकते, तो अंथरुणाला खिळतो. कंपनीकडे पाठवली तर ती परत यायला आठवडे लागतात. म्हणून आवारातच दुरुस्तीची सोय हवी, हे खुर्चीत बसणाऱ्यालाच कळलं. मदतनिसाच्या बाबतीतही तेच. कोणाला ठेवायचं, कधी बोलवायचं, पटलं नाही तर कधी काढायचं, हे विद्यार्थी स्वतः ठरवू लागले. स्वतःच्या हाताने शर्टाचं बटण लावता येत नसलं तरी आपला दिवस आपल्याला आखता येतो. स्वावलंबनाचा हा अर्थ जगाला बर्कलीच्या या मुलांनी दिला, आणि मला तो न्यूजंट यांच्या अर्थापेक्षा अधिक खरा वाटतो.

विद्यापीठाबाहेरचे दिव्यांग लोकही मदत मागायला येऊ लागले तेव्हा १९७२ मध्ये शहरासाठी स्वतंत्र केंद्र निघालं. त्याच्या नमुन्यावर पुढे अमेरिकेत आणि बाहेर शेकडो केंद्रं निघाली. ज्या पुनर्वसन खात्याने रॉबर्ट्स यांना निरुपयोगी ठरवलं होतं, त्याच खात्याचे प्रमुख म्हणून गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी त्यांची नेमणूक केली.

कायदाही असाच झगडून मिळाला. १९७३ च्या अमेरिकन पुनर्वसन कायद्यातल्या ५०४ क्रमांकाच्या कलमाने केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या संस्थांना, म्हणजे जवळजवळ सगळ्या विद्यापीठांना, दिव्यांगांशी भेदभाव करायला बंदी घातली. पण अंमलबजावणीचे नियम चार वर्षं निघालेच नाहीत. १९७७ च्या एप्रिलमध्ये शंभराहून अधिक दिव्यांग कार्यकर्ते सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत शिरले आणि जवळजवळ महिनाभर तिथून हलले नाहीत. औषधं, नळ्या, मदतनीस यांच्याशिवाय ज्यांची रात्र जात नाही अशी माणसं जमिनीवर झोपली. ब्लॅक पँथर संघटनेचे लोक त्यांना रोज जेवण पोचवत होते. २८ एप्रिलला नियमांवर सही झाली.

कर्णबधिरांची लढाई वेगळ्या प्रकारची होती. वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या संस्थेला पदव्या देण्याचा अधिकार १८६४ मध्ये अब्राहम लिंकन यांच्या सहीने मिळाला. तिथे सांकेतिक भाषा आवारभर चालते, तेव्हा दुभाषा मागण्याचा प्रश्न येत नाही. तरीही १२४ वर्षांत एकही कर्णबधिर व्यक्ती तिच्या अध्यक्षपदी बसली नव्हती. ६ मार्च १९८८ ला नियामक मंडळाने पुन्हा ऐकू येणाऱ्याच उमेदवाराची निवड केली, तीही सांकेतिक भाषा न येणाऱ्या. विद्यार्थ्यांनी फाटकं अडवली, वर्ग बंद पाडले, संसद भवनावर मोर्चा नेला. आठवड्याच्या आत नव्या अध्यक्षांनी राजीनामा दिला आणि १३ मार्चला आय. किंग जॉर्डन हे पहिले कर्णबधिर अध्यक्ष झाले. नियामक मंडळात कर्णबधिरांचं बहुमत हवं ही मागणीही मान्य झाली. सोयी कोणाच्या सल्ल्याने आखायच्या, या प्रश्नाचं इतकं स्वच्छ उत्तर दुसऱ्या कोणत्या विद्यापीठात मिळालेलं मला माहीत नाही.

बाकीच्या जगात गोष्टी हळूहळू सरकल्या. ब्रिटनमध्ये दिव्यांग विद्यार्थ्याला संगणक, टिपणं काढणारा माणूस, प्रवास यांसाठी स्वतंत्र भत्ता मिळतो. त्यासाठी पालकांचं उत्पन्न पाहत नाहीत आणि तो परत करावा लागत नाही. चीनमध्ये राष्ट्रीय प्रवेश परीक्षेचा पेपर ब्रेलमध्ये पहिल्यांदा मिळाला तो २०१४ मध्ये. जपानमध्ये बहुसंख्य विद्यार्थी खासगी विद्यापीठांत शिकतात, आणि त्या विद्यापीठांवर वाजवी सोयी पुरवण्याची कायदेशीर सक्ती एप्रिल २०२४ पासून आली. या सगळ्यामागे २००६ चा संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार आहे. त्याच्या २४ व्या कलमात उच्च शिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. भारताने २००७ मध्ये तो मान्य केला.

त्या करारातून आपला २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला. २१ प्रकारची दिव्यांगत्वं त्यात मोजली आहेत आणि डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमताही त्यात आहेत. महाराष्ट्राने शालेय परीक्षांत अशा मुलांना १९९६ पासूनच सवलती दिल्या होत्या, हे आपल्यासाठी अभिमानाचं आहे. शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आणि वयात पाच वर्षांची सूट, असं या कायद्याचं ३२ वं कलम सांगतं. प्रवेश मिळतो. त्यानंतरचं बरंचसं मात्र अजून नशिबावर आहे.

परीक्षेत उमेदवार सांगेल ते लिहून देणाऱ्या लेखनिकाचंच पाहा. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी लेखनिक घेणाऱ्या उमेदवाराला तासाला किमान २० मिनिटं जादा दिली. उमेदवाराने स्वतःचा लेखनिक आणला, तर त्याचं शिक्षण उमेदवारापेक्षा एक पायरी खाली हवं, अशी अट त्यांनी घातली. नक्कल होऊ नये हा हेतू समजण्यासारखा आहे. पण पदवीचा संख्याशास्त्राचा पेपर लिहायला बारावी कला शाखेचा विद्यार्थी बसला, तर सिग्मा म्हणजे काय, घातांक कुठे लिहायचा, हे त्याला सांगण्यातच ती जादा मिनिटं संपतात. शिवाय हा लेखनिक शोधायचा कोणी? अंध मुलगी स्वतःच्या परीक्षेच्या आदल्या आठवड्यात अभ्यास सोडून फोन करत बसते, कारण लेखनिकाचीही परीक्षा त्याच दिवसांत असते. संगणकावर स्वतः टंकलेखन करून पेपर देण्याची मुभा सूचनांमध्ये आहे. ती खरोखर वापरू देणारी परीक्षा केंद्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात.

दुसरी अडचण मराठीची आहे आणि ती फारशी बोलली जात नाही. अंध विद्यार्थी आज मुख्यतः पडदावाचकावर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रणालीवर अभ्यास करतात. ऑस्ट्रेलियाच्या मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये एनव्हीडीए नावाचा मोफत पडदावाचक लिहायला घेतला, आणि तो आज मराठीही वाचतो. पण तो वाचतो युनिकोडमधलं मराठी. आपली क्रमिक पुस्तकं, संदर्भग्रंथ, मासिकं वर्षानुवर्षं श्रीलिपी, आकृती, सुरेख अशा जुन्या फाँटमध्ये जुळवली गेली. डोळ्यांना तिथे ‘क’ दिसतो, संगणकाच्या लेखी मात्र तिथे कुठलं तरी रोमन अक्षर किंवा चिन्ह असतं. पडदावाचक ते प्रामाणिकपणे वाचतो आणि ऐकणाऱ्याच्या कानावर निरर्थक अक्षरांचा खडखडाट येतो. स्कॅन करून टाकलेली पीडीएफ असेल तर तेवढंही नाही, कारण ते नुसतं चित्र असतं. इंग्रजी माध्यमातल्या अंध विद्यार्थ्याला जे पुस्तक संध्याकाळी मिळतं, ते मराठी माध्यमातल्या विद्यार्थ्याला कोणीतरी वाचून ध्वनिमुद्रित करेपर्यंत मिळत नाही.

यावरचा कायदेशीर अडथळा दूर झाला आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट कायद्यात दिव्यांगांसाठी पुस्तक सुगम रूपात उतरवण्याची मुभा आली. हीच मुभा देशोदेशी देणारा २०१३ चा माराकेश करार मान्य करणारा भारत पहिला देश ठरला. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात २००३ पासून अंध विद्यार्थ्यांसाठी साधनकेंद्र आहे आणि त्या कायदेबदलाच्या लढ्यातही ते पुढे होतं. पुण्यात मीरा बडवे यांनी उभ्या केलेल्या निवांत अंध मुक्त विकासालयाने शाळा संपलेल्या अंध मुलांच्या कॉलेजच्या पुस्तकांचा भार वर्षानुवर्षं पेलला आहे. ही कामं पाहिली की मन भरून येतं. पण मुंबई-पुण्यात जे मिळतं ते परभणीच्या किंवा गडचिरोलीच्या मुलाला त्याच्याच कॉलेजात का मिळू नये, हा प्रश्नही लगेच उभा राहतो.

न्यायालयांनी अलीकडे बरीच वाट मोकळी केली आहे. लेखनिकाचा हक्क चाळीस टक्के दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राशी बांधता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगितलं. त्या खटल्यातल्या उमेदवाराला लिहिताना हातात पेटके येत होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, वैद्यकीय प्रवेश परीक्षेत जादा वेळ नाकारलेल्या विद्यार्थिनीवर अन्याय झाला हे न्यायालयाने मान्य केलं आणि परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेला त्यावर उपाय काढायला लावलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्यात न्यायालय म्हणालं की वाचादोषाची टक्केवारी जास्त आहे एवढ्यावरून डॉक्टरकीचं दार बंद करता येणार नाही. हा विद्यार्थी तो अभ्यासक्रम पुरा करू शकेल का, हे दिव्यांगत्व तपासणाऱ्या मंडळाने पाहावं. मात्र प्रत्येक वेळी उमेदवारांना दिल्लीपर्यंत जावं लागलं, आणि तोवर त्यांचं भवितव्य टांगणीला लागलं. कोर्टाची पायरी चढण्याची ऐपत किती घरांत असते?

म्हणून हे वाचणाऱ्यांकडे एक मागणं आहे. तुम्ही प्राध्यापक असाल तर आजपासून टिपणं युनिकोडमध्ये द्या. प्रकाशक असाल तर पुस्तकाची युनिकोड प्रत मागणाऱ्या अंध विद्यार्थ्याला ती तत्काळ पाठवा. प्राचार्य असाल तर लेखनिकांची यादी कॉलेजतर्फे तयार ठेवा, ते काम विद्यार्थ्याच्या गळ्यात घालू नका. आणि तुमच्या घरातलं कोणी दिव्यांग मूल बारावी होऊन कॉलेजात जात असेल, तर प्रवेशाच्या दिवशीच दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डाची, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राची, प्रत जोडून कोणकोणत्या सोयी लागतील याचं पत्र द्या. तळमजल्यावरचा वर्ग, सुगम रूपातली पुस्तकं, परीक्षेचा जादा वेळ, संगणक, दुभाषा, जे लागेल ते स्पष्ट लिहा. पत्राची पोच घ्या, आणि उत्तर आलं नाही तर पुण्याच्या दिव्यांग आयुक्तालयाकडे लेखी तक्रार करा.